भर दुपारची ओल

शेतातल्या मातीत ओल किती आहे हे मोजणारे सेन्सर बसवायचे आणि बिघडले की जाऊन नीट करायचे, हा माझा धंदा. नागपुरात, धरमपेठेत एका गल्लीत, मागच्या बाजूला माझी खोली आहे. तिला मी ऑफिस म्हणते आणि माझी बहीण गोडाऊन म्हणते. फोन मात्र सकाळपासून वाजत असतो. मॅडम, तुमचं मशीन येडं झालं, ही नेहमीची तक्रार. मशीन क्वचितच येडं होतं. उंदरानं वायर कुरतडलेली असते, जोडात पाणी शिरलेलं असतं, नाहीतर उन्हाळ्यात काळी माती फाटून सेन्सरच्या बाजूला हात जाईल एवढी भेग पडलेली असते आणि तो बिचारा मातीऐवजी हवा मोजत बसतो. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. मी फोनवरच भांडते. मशीन खोटं बोलत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. घरचे आता मला चिडवायला तेच वापरतात.

हे वाक्य एकदाच माझ्या घशात अडकलं. ते कसं, ते सांगते.

काटोल रोडनं बरंच पुढे गेलं की आत एका गावात एक संत्र्याचा बगीचा आहे. मालक चाळिशीचा. त्याची कोराडीच्या वीजकेंद्रात शिफ्टची ड्युटी, राहणं तिथल्याच कॉलनीत, आणि बगीचा गावाकडे आई आणि बायकोच्या भरवशावर. म्हणून तर त्यानं सेन्सर घेतले होते. इकडे कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत चहा प्यायचा आणि तिकडे मोबाईलवर संत्र्याची झाडं बघायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो नुसता हसला होता. माणूस वाईट नव्हता, पण एकदा मोबाईलवर आकडा दिसला की तो डोळ्यांचंही ऐकत नसे.

संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. झाड पाण्यासाठी जीव टाकत असतं आणि आपण कॉक बंद करून बसायचं. पानं वळतात, पिवळी पडतात, काही गळून जातात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि मरायच्या आधी फुलून घ्यावं म्हणून ते आतून तयारी करतं. मग नेमक्या वेळी हलकं पाणी सोडायचं. पहिल्या त्या पाण्याला आंबवणी म्हणतात. ते लवकर दिलं तर फूल येत नाही. उशिरा दिलं तर फांद्या वाळतात आणि पुढे झाडच जातं. पूर्वी लोक पान हातात चुरून ही वेळ ओळखायचे. आमच्या मालकानं ते काम मोबाईलकडे दिलं होतं. बगीच्यात तीन सेन्सर होते. तिन्हींची रेष लाल खुणेच्या खाली उतरली की आंबवणी द्यायची, तोवर थेंब नाही, असा त्याचा नियम. मुख्य कॉकला त्यानं कुलूप घातलं होतं आणि किल्ली कोराडीत त्याच्या खिशात होती.

एप्रिल संपता संपता त्याचा फोन आला. दोन सेन्सर कधीचेच लाल खुणेखाली गेले होते. तिसरा उतरायला तयार नव्हता. उतरणं सोडा, रोज वर चढत होता. त्याच्या मते ते दोन बिघडले होते आणि तिसरा बरोबर होता, कारण एवढ्या लवकर माती वाळेलच कशी. बायको रोज फोन करून सांगत होती की झाडं मरून राहिली, पाणी सोडा. तो तिला म्हणत होता, मोबाईल नाही म्हणतो. मी त्याला विचारलं की बायकोला डोळे आहेत की नाहीत. तो म्हणाला, तुम्ही आधी रेषा बघा.

मी माझ्या मोबाईलवर तिन्ही रेषा उघडल्या. तिसऱ्याची रेष रोज भर दुपारी, बारा वाजून गेले की, कुणीतरी उचलल्यासारखी वर जात होती. मी म्हटलं, काही नाही, ऊन आहे. माती तापली की सेन्सर जरा जास्त ओल दाखवतो, सगळेच दाखवतात, संध्याकाळी खाली येतात. हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की ही रेष संध्याकाळी खाली येत नव्हती. वरच राहायची आणि मग रात्रभर सावकाश उतरायची, मातीत पाणी मुरत जातं तशी. आणि पाण्याला तर कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघाले. जोड बदलला, वायर हातानं चाचपत गेले, कुठे दात लागलेला नव्हता. तिसरा सेन्सर ज्या झाडाखाली होता ते झाड मीच निवडलेलं. बसवायला आले तेव्हा साऱ्या बगीच्यात तेच एक भरदार दिसलं होतं. आता बाकीची झाडं पानं मिटून उभी होती आणि हे मधोमध हिरवंगार. सेन्सर उपसला तेव्हा वरची माती कोरडी ठणठणीत होती, पण वीतभर खालची हाताला थंड लागली. खोलातली ओल असेल म्हणून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. अशा वेळी आमची एक साधी युक्ती असते. दोन सेन्सरची अदलाबदल करायची. दोष सेन्सरमध्ये असेल तर तो सेन्सरबरोबर नव्या जागी जातो. मी तिसरा काढून पहिल्याच्या जागी लावला, पहिला तिसऱ्याच्या जागी लावला, माती नीट दाबली आणि परत आले.

दुसऱ्या दुपारी ऑफिसात कूलरसमोर डबा उघडला आणि मोबाईल पुढ्यात ठेवला. बारा वाजून गेले आणि रेष उचलली. सेन्सर दुसरा होता, झाड तेच होतं. म्हणजे दोष सेन्सरबरोबर गेलाच नव्हता, तो त्या जागेलाच धरून होता. इतकी वर्षं हे काम करते, पण त्या दिवशी पोळीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण सहज म्हणतो. इथे ते खरोखर मुरत होतं आणि टाकणारं कुणी नव्हतं.

जे काही होत होतं ते दुपारी होत होतं, म्हणून मी दुपारीच जायचं ठरवलं. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडची गावं बघण्यासारखी नसतात. दारं बंद, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली, आणि रस्त्यावरून फक्त गरम वारा जातो. मालकाचं घर बगीच्याला लागूनच आहे. ओसरीवर त्याची आई लसूण सोलत बसली होती. वाळकी, ताठ, डोळे बारीक. मी पिशवी घेऊन सरळ बगीच्याकडे वळले तशी ती लसणावरची नजर न काढता म्हणाली,

"बाराच्या टायमाले बगीच्यात जाऊ नको वं बाई. तहानलेले फिरतात."

मी म्हटलं, मलाही तहान लागली आहे, आमची गाठ पडली तर बरंच. आणि गेले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि तोंड तर माझं मुळीच गप्प राहत नाही.

आत शिरले आणि माझा आवाज बसला. ताणावरच्या बगीच्यात दुपारी सावलीसुद्धा पातळ होते. वळलेली पानं एकमेकांवर घासत होती, त्याचाच काय तो आवाज. पाखरू नाही. मी त्या झाडाखाली बसले. बुडाशी वाळकी पानं पडलेली, अगदी नीट, कुणी पांघरूण घालावं तशी. पाऊल कुठेच उमटलेलं नव्हतं. पानं बाजूला केली, वरची माती चिमटीतून भुरभुर गळाली. खाली हात घातला तर ओली. आदल्या दिवशीची ओल नव्हे, आत्ताची. बोटांना चिखल आला. मी तो नाकाशी नेला, आम्हाला सवय असते, आणि त्या चिखलाला वाळ्याचा वास येत होता.

संत्र्याच्या बगीच्यातल्या मातीला वाळ्याचा वास कसा येईल? खोटं कशाला सांगू, त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मला अगदी स्पष्ट वाटलं की झाडाच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि मी उठून जायची वाट बघतंय. मी मोठ्यानं विचारलं, कोण आहे. कुणी नव्हतं. मी झाडाला फेरा घालून बघितलं, तरी कुणी नव्हतं. मग मी जे चालायला लागले ते ओसरीवर येईपर्यंत मागे बघितलं नाही.

 म्हातारी उठली, आतल्या माठातून तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी तांब्या तोंडाशी नेला आणि तोच वास आला. माठात वाळ्याची जुडी होती.

मी पाणी प्यायले, कारण तहान खरीच लागली होती. मग विचारलं की आजी, त्या झाडाला पाणी तुम्ही टाकता का. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. सून दारात येऊन उभी राहिली होती, तिनं मला डोळ्यांनी आत बोलावलं. चुलीपाशी उभी राहून, हळू आवाजात, तिनं मला सगळं सांगितलं.

म्हातारीला आणखी एक मुलगा होता, मालकाचा धाकटा भाऊ. कितीतरी वर्षं झाली. असाच उन्हाळा होता, दुपारी जेवणाची पानं वाढलेली होती, आणि तो आलोच म्हणून बगीच्याकडे गेला. तो परत आलाच नाही. भांडण झालेलं नव्हतं, काही नव्हतं. विहिरीत गळ टाकले, नातेवाइकांकडे शोधलं, नागपूरच्या स्टेशनवर फोटो घेऊन फिरले. माणूसही सापडला नाही आणि प्रेतही नाही. मधलं एक झाड मेलं होतं, त्या जागी त्यानं नवं कलम लावलं होतं. ते हे झाड. म्हातारी रोज दुपारी, सगळे आडवे झाले की, माठातलं तांब्याभर पाणी घेऊन जायची, वाळकी पानं आणि वरची माती सारून ओतायची आणि पुन्हा नीट झाकून टाकायची. सुनेला माहीत होतं. मोठ्या मुलाला माहीत नव्हतं, कारण तो दुपारी कधी घरी नसायचाच आणि असला तरी झोपलेला असायचा.

मोठ्यापासून का लपवायचं, तेही सुनेनं सांगितलं. आमच्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. एवढ्या उन्हात मेलेल्यांनाही तहान लागते म्हणतात. नाव घेऊन घागर भरली की त्या माणसाला पाणी पोचतं. दर आखजीला मोठा म्हणायचा, त्याचीही घागर भरू, किती वर्षं असं लटकत राहायचं. आणि दर आखजीला म्हातारी फक्त नवऱ्याची घागर भरायची आणि उठून जायची. दिवसभर मायलेक एकमेकांशी बोलत नसत.

मी ओसरीवर आले ती चिडूनच. म्हातारीवर नाही, सगळ्याच प्रकारावर. मी तिला सांगितलं की तुमच्या त्या तांब्यामुळे तुमच्या लेकाच्या मोबाईलला वाटतं माती ओली आहे. म्हणून तो पाणी सोडत नाही, आणि आणखी काही दिवस असेच गेले तर अख्खा बगीचा उभा वाळेल. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती झाडाखालची वायर तिला कूलरची वाटली होती. लसणाची परात तिनं बाजूला सारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"घागर भरली तं मी माह्या हातानं त्याले मारला," ती म्हणाली. "नाही भरली, अन् तो कुठी मरून पडला असन, तं इतकी वर्सं तहानला आहे. मंग मी काय करू, तूच सांग. झाडाले तं देऊ शकते न पाणी? झाडाले देऊन राहिली मी. त्याले नाही."

  तिनं विचारलं, मग आता टाकू नको का. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी घाईघाईनं म्हटलं, टाका, खुशाल टाका, मी मशीन हलवते.

मी पिशवीतला नवा सेन्सर काढून चार झाडं पलीकडे लावला आणि तोच तिसरा म्हणून मालकाच्या मोबाईलला जोडला. त्याला फोन करून सांगितलं की जागा चुकली होती, चूक माझी. त्यानं मला मनसोक्त सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत नव्या सेन्सरची रेष लाल खुणेच्या कितीतरी खाली जाऊन बसली. तो कोराडीहून धावत आला, कुलूप उघडलं आणि आंबवणी दिली. कडेची थोडी झाडं गेली. बाकीचा बगीचा वाचला आणि पावसाळ्याच्या तोंडावर असा फुलला की वास रस्त्यापर्यंत येत होता, असं सुनेनं फोनवर सांगितलं.

त्या झाडाखालचा सेन्सर मात्र मी काढला नाही. मालकाच्या मोबाईलवरून त्याचं नाव पुसलं आणि माझ्या मोबाईलवर राहू दिलं. तपासणीसाठी बरा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला तो काढवला नाही. मग रोज दुपारी डबा खाताना एकदा ती रेष बघायची मला सवय लागली. बारा वाजून गेले की ती उचलायची. म्हातारी ठीक आहे, असं मी मनात म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे. पावसाळ्यात सगळंच ओलं, तेव्हा काही कळायचं नाही. दिवाळीनंतर माती सुकली आणि रेष पुन्हा दिसायला लागली. हिवाळा गेला, पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा बगीचा ताणावर गेला. तिला मी कधी फोन केला नाही. रेष दिसत होती, मग फोन कशाला?

त्या वर्षी आखजीच्या थोडं आधी सेन्सरचा सेल संपत आल्याची खूण यायला लागली. मी सुनेला फोन केला. म्हटलं, सेल बदलायला येते, आणि आजींना सांगा की मध्ये एखाद दिवस रेष दिसली नाही तर मी घाबरेन. गंमत म्हणून म्हटलं होतं. 

"मॅडम, आई तं गेल्या," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले."

आधी बरेच दिवस रामदासपेठेतल्या दवाखान्यात होत्या, म्हणाली. रामदासपेठ माझ्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. म्हातारी तिथे पडून होती आणि मी इथे बसून, रेष बघून, ती ठीक आहे असं समजत होते. मला रडूच आलं. मग एकदम लक्षात आलं आणि रडू थांबलं. मी विचारलं, मग त्या झाडाला पाणी कोण टाकतं. ती म्हणाली, कोणीच नाही. मी त्या झाडाखाली जात नाही, म्हणाली, आणि हे ड्युटीवर असतात. मी म्हटलं, रोज टाकलं जातंय, कालही टाकलंय.  ती घाईघाईनं म्हणाली की आखजीच्या दिवशी या, हे घरी राहतील, आणि तिनं फोन ठेवला.

आखजीपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुपारी मोबाईल पालथा घालून जेवायला बसायचे. मग उलटून बघायचेच. रेष उचललेली असायची. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तुझंच वाक्य आहे ना, मशीन खोटं बोलत नाही. मी तिच्यावर उगाच ओरडले.

आखजीला मी पोचले तेव्हा दुपार भरात आली होती. घरात आमरसाचा आणि तळलेल्या कुरड्यांचा वास होता. देवापुढे म्हाताऱ्याच्या घागरीशेजारी एक नवी घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज, बाजूला म्हातारीचा फोटो. सून म्हणाली, आत्ता तर इथंच होते, कुठं गेले कोण जाणे. तिनं बगीच्याच्या बाजूचं दार लावून घेतलं होतं. मी ते उघडलं आणि एकटीच आत गेले.

तसंच सगळं. मिटलेली पानं, पातळ सावली, पानावर पान घासल्याचा आवाज. झाड लांबूनच हिरवं दिसत होतं. आणि त्याच्या बुडाशी, माझ्याकडे पाठ करून, एक माणूस उकिडवा बसला होता. दोन्ही हातांनी वाळकी पानं ओढून घेत होता.  पलीकडे कुणीतरी उभं आहे असं मागच्या वर्षी वाटलं होतं, ते हेच, असं वाटून गेलं. मग त्यानं मान वळवली. तो मालक होता.

तो दचकला नाही. बसा म्हणाला, आणि मी खरंच तिथे मातीत बसले. त्यानं सांगितलं ते असं. दवाखान्यात भरती केलं त्या सकाळपासून आई एकच गोष्ट विचारायची, झाडाला पाणी दिलं का. पहिल्यांदा त्याला कळलंच नाही, त्यानं आपलं हो म्हणून टाकलं. मग जिवाला लागलं. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो, आता ते खरं तरी करावं, म्हणून बायकोला आईजवळ बसवून तो त्याच दुपारी गावाला आला. झाडाखालची पानं सारली, खालची मऊ माती बघितली, आणि इतक्या वर्षांचं त्याला एका क्षणात कळलं. तेव्हापासून तो रात्रपाळी मागून घेत होता आणि दुपारी मागच्या बांधावरून येऊन पाणी टाकून जात होता. बायकोला सांगितलं नाही. दर आखजीला आईशी भांडणारा मीच, बायको हसली असती, म्हणाला.

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्यावर चिडलेच. म्हटलं, एक फोन करायचा, माझा जीव अर्धा झाला. तेव्हा मला दिसलं की त्याच्या बाजूला आणखी एक घागर होती. भरलेली, वाळ्याची काडी टाकलेली.

"आई गेली त्या दिवशी कोणीच पाणी टाकलं नाही," तो म्हणाला. "सारं घर, सारं गाव घाटावर होतं. तेवढा एक दिवस खंड पडला. मंग मी म्हणलं, तुटलंच आहे तं आता त्याची बी घागर भरून टाकू. भरून आणली. नाव घ्याचं बाकी आहे. एकदा नाव घेतलं का तो बी सुटला अन् मी बी सुटलो." मग झाडाखालच्या वायरकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "तुमच्या मोबाईलवर दिसत असन न? त्या दिवशीची जागा खाली असन."

मी मोबाईल काढला. त्यानं दिवस सांगितला. मी त्या दिवसावर गेले.

सकाळपासून रेष सरळ होती. बारा वाजून गेल्यावर ती उचलली होती. रोज उचलायची तशीच. मी म्हटलं ऊन असेल, आणि बाकीच्या तिन्ही सेन्सरचा तोच दिवस उघडला. ते उन्हानं थोडे चढले होते आणि संध्याकाळी खाली आले होते. ही रेष आली नव्हती. ती वर राहून रात्रभर सावकाश उतरली होती. मी मागे गेले, पुढे गेले, पुन्हा तोच दिवस उघडला. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचा हात घागरीवर होता. जागा रिकामी आहे, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. माझं ते ठरलेलं वाक्य घशात आलं आणि तिथेच राहिलं. मी मोबाईल त्याच्या हातात दिला.

त्यानं खूप वेळ बघितलं. एकदा झाडाच्या पलीकडे बघितलं. मीही बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

मग त्यानं मोबाईल परत दिला आणि घागर उचलली. नाव घेतलं नाही. झाडाच्या बुडाशी ती सावकाश ओतली, पाणी मुरू दिलं आणि वर वाळकी पानं ओढून जागा नीट झाकली. रिकामी घागर काखेत धरून तो घराकडे निघाला. दोन पावलं गेल्यावर थांबला आणि घरात ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला,

"मॅडम, तेवढा सेल बदलून टाका."